वणवा आणि वैरण

(रहिमतपूर येथें भरलेल्या सभेंत समितीच्या वतीनें केलेलें भाषण)



दुष्काळनिवारणाचें काम करणाऱ्या समितीनें पावसाविषयीं, विहिरींविषयीं किंवा धान्याच्या भावाविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असेल. आज आम्हीं वणव्याविषयीं बोलावयाचें ठरविलें आहे. त्यामुळें समितीनें आपला विषय सोडला, असें मात्र कोणीं समजूं नये. पाऊस न पडल्यानें जो दुष्काळ येतो, त्यापुढें आपला इलाज थोडा चालतो. परंतु डोंगर पेटल्यानें गुरांवर जो दुष्काळ येतो, तो बहुधा मनुष्याच्याच हातून आलेला असतो. आणि म्हणूनच तो टाळणेंही मनुष्याच्या हातीं आहे.

आपल्या गांवाची जागा आपण सर्व जाणतांच. पूर्वेच्या अंगास वर्धनगडापासून दक्षिणेकडे मच्छिंद्रगडापर्यंत डोंगरांची ओळ गेली आहे. वायव्येस जरंडेश्वर उभा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इकडे येतां येतां पुष्कळ ओसरतो. त्यामुळें आपले डोंगर झाडीचे कमी आणि गवताचे अधिक. श्रावण-भाद्रपदांत ते हिरवे दिसतात, मार्गशीर्षांत पिवळे पडतात, आणि माघ लागला कीं एका ठिणगीची खोटी. होळीच्या सुमारास रात्रीं डोंगराकडे पाहावें, तर दिव्यांची माळ लावल्यासारखी आगीची रेघ वर चढत असते. गांवांतील मुलें माडीवर चढून तो देखावा कौतुकानें पाहतात. परंतु डोंगराच्या पायथ्याशीं ज्याचें घर आहे आणि त्या उतारावर ज्याचें गवत उभें आहे, त्याच्या घरीं त्या रात्रीं कोणासही झोंप लागत नाहीं.

त्या घराचें नुकसान किती, याचा हिशेब आपण येथेंच करूं. मोठें जनावर निव्वळ वाळक्या चाऱ्यावर ठेविलें, तर त्यास दिवसाला सुमारें ६ किलो चारा लागतो. हें मापही बेताचेंच आहे. दोन बैल व एक गाय असलेल्या घरास होळीपासून मृगापर्यंतच्या ९० दिवसांत १,६२० किलो चारा हवा. ज्यास जमीन पुष्कळ, त्याचा कडबाही पुष्कळ. त्याची गरज घरच्या गंजींतून भागते. ज्यास जमीन थोडी, त्यास डोंगराच्या गवताखेरीज दुसरा आधार नाहीं. म्हणजे वणवा लागतो डोंगरास, पण त्याची झळ सर्वांत अधिक बसते ती सर्वांत गरीब कुणब्यास व मेंढपाळास. चैत्रांत तो मिळेल त्या भावानें बैल विकतो. मृगाचा पाऊस पडला म्हणजे चढ्या भावानें दुसरा घेण्यासाठीं कर्ज काढतो, किंवा औताविना राहतो. दुष्काळ घरांत शिरतो तो याच वाटेनें.

मागील दुष्काळांचा इतिहासही हेंच सांगतो. १८७६–७७ च्या दुष्काळानें आपल्या सातारा जिल्ह्यासही पोळलें होतें. १८९९–१९०० सालच्या दुष्काळांत गुजरातेंत चाऱ्यावांचून लक्षावधि गुरें मेलीं, आणि पुढें पाऊस पडला तेव्हां नांगर ओढावयास बैल उरले नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत आपल्या राज्यांत लाखों माणसांस दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली व त्यांतूनच रोजगार हमीच्या योजनेचा पाया घातला गेला. परंतु माणसास काम देतां येतें, बैलास मात्र चाराच द्यावा लागतो. २०१२–१३ सालीं शेजारच्या माण-खटाव भागांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या आणि बायकामाणसें घरदार सोडून जनावरांपाशीं जाऊन राहिलीं, हें आपल्यापैकीं अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. अवर्षणाच्या सालीं एक एक पेंढी मोजून देणारे आपण, बऱ्या सालीं डोंगरभर गवत एका रात्रींत जळतांना स्वस्थ पाहत बसतों, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

आतां वणवा लावतो कोण? डोंगर पेटला म्हणजे कोणा परक्याचें किंवा एखाद्या फिरत्या मेंढपाळाचें नांव घेण्याची आपल्यास सवय आहे. आम्ही नम्रपणें सांगतों कीं, ही सवय सोडावी. बांध स्वच्छ करण्यासाठीं आपणच लाविलेली आग, ऊस तुटल्यावर फडांत पेटविलेलें पाचट, मध काढतांना केलेला धूर, विझविल्यावांचून टाकलेली विडी, यांतील कोणतेंही कारण पुरेसें आहे. आणि कित्येक वेळां तर डोंगर समजून उमजूनच जाळला जातो. कारण जाळल्यानें पुढच्या सालीं गवत जोमानें येतें, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या समजाचा आम्ही उपहास करीत नाहीं. जुनें वाळलें गवत जळून गेलें म्हणजे नवा कोंब उघडा दिसतो व जनावर तो आवडीनें खातें, एवढें खरें. परंतु पुढचें नुकसान डोळ्यांस लगेच दिसत नाहीं. गवतांतील नत्राचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो; मागें राहिलेली राख चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यानें उडते, उरलीसुरली वळवाच्या पहिल्या सरीनें वाहून जाते. वरचेवर जाळलेल्या माळावर मारवेल, पवना यांसारखीं चांगलीं गवतें मागें हटतात आणि कुसळी पुढें सरकते. कुसळीचीं टोंकें मेंढरांच्या लोंकरींत व गुरांच्या तोंडांत रुततात, हें गुराख्यास आम्हीं सांगावयास नको.

याहून मोठें नुकसान पाण्याचें आहे. उघड्या पडलेल्या उतारावर पाऊस पडला म्हणजे पाणी मुरत नाहीं, माती घेऊन धांवतें. आपल्याच कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें २०१६ सालीं ऐन उन्हाळ्यांत श्रमदान करून जमीन व ओढे पाणी धरतील असें केलें आणि पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेंत राज्यांत पहिला क्रमांक मिळविला. असे चर खणण्यास शेंकडों हातांस कित्येक दिवस राबावें लागतें. वरचा उतार जळाला, तर ते चर गाळानें भरावयास एक पावसाळा पुरतो. पाण्यासाठीं घाम गाळणाऱ्या तालुक्यानें वणव्याकडे काणाडोळा करणें म्हणजे एका हातानें भरलेली घागर दुसऱ्या हातानें ओतणें होय.

कायद्याचें म्हणाल, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें राखीव वनास आग लावणें हा गुन्हा आहे. आणि ज्यांस वनांतून चराई, गवत किंवा लांकूड घेण्याचा हक्क आहे, त्यांनीं आगीची वर्दी देणें व ती विझविण्यास मदत करणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साह्यानें आगीच्या जागा हेरून वनखात्यास कळवीत आली आहे. परंतु ती वर्दी पोंचून माणूस डोंगरावर चढेपर्यंत वारा थांबत नाहीं. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी स्थिति होऊं द्यावयाची नसेल, तर पायथ्याच्या गांवानेंच सिद्ध असलें पाहिजे.

मात्र येथें एक गोष्ट कळकळीनें सांगणें आम्हांस भाग आहे. शौर्याच्या भरांत कोणीही एकटा आगीवर धांवून जाऊं नये. मार्च २०१८ मध्यें तमिळनाडूंतील कुरंगणीच्या डोंगरांत वणव्यांत सांपडून वीसाहून अधिक माणसें दगावलीं. एप्रिल २०२१ मध्यें आपल्याच राज्यांत, नागझिऱ्याच्या रानांत, आग विझवितांना वनखात्याचे तीन मजूर मृत्यूमुखीं पडले. आग उतारावरून वर फार वेगानें चढते. तिची ज्वाळा पुढच्या गवतास आधींच तापवून ठेवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगास उभें राहूं नये. वारा पडलेला असतो व हवेंत ओल असते अशा रात्रींच्या उत्तरार्धांत किंवा पहांटे, जाणत्या माणसाच्या सांगण्याप्रमाणें, ओल्या डहाळ्यांनीं व भिजविलेल्या पोत्यांनीं कडेकडेनें आग मारीत जावें. उलट आग लावण्याचा प्रयोग वनखात्याच्या माणसांखेरीज कोणींही करूं नये. गवत पुन्हा उगवेल, गेलेला माणूस परत येणार नाहीं.

तथापि खरा उपाय आग लागण्यापूर्वींचाच आहे. गवत फुलोऱ्यावर असतांनाच कापावें. तेव्हां त्यांत कस अधिक असतो, आणि घरीं आणलेलें गवत वणव्याच्या तावडींतून सुटतें. गंज्या एकमेकींस लागून रचूं नयेत, व प्रत्येकीभोंवतीं जमीन खरवडून मोकळी ठेवावी. संक्रांतीच्या सुमारास वनखात्याच्या सल्ल्यानें डोंगराच्या कडेनें जाळरेषा काढाव्या. होळीपासून मृगापर्यंत गांवोगांव पाळीपाळीनें राखण ठेवावी, आणि धूर दिसतांच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.

समितीनें आपल्यापुरतें ठरविलें आहे तेंही निवेदन करितों. ज्याचें गवत जळालें असेल, त्यास मदत रोख न देतां वैरणीच्या रूपानें दिली जाईल. कारण रोख रक्कम घरांतील दुसऱ्या निकडीस लागते आणि दावणीचा बैल उपाशीच राहतो. वैरण घरटी सारखी न वांटतां जनावरें मोजून दिली जाईल, आणि ज्यास स्वतःचा कडबा नाहीं त्याचा क्रम पहिला लागेल. आग कोणाच्या हातून लागली याची चौकशी ज्यांचें तें काम आहे ते करतील. तोंपर्यंत कोणाचेंही जनावर उपाशी ठेविलें जाणार नाहीं. अपराध माणसाचा असेल, मुक्या जनावराचा खास नाहीं.

यासाठीं आम्ही आपणांपाशीं मागणें मागत आहों. ज्याची ज्वारी चांगली आली असेल त्यानें कडब्याच्या पेंढ्या द्याव्या. बागाइतदारांनीं पाचट जाळण्याऐवजीं तें शेतांतच कुजवावें. एवढ्यानेंही एक ठिणगी कमी होईल. ज्याच्यापाशीं गाडी असेल त्यानें एक खेप द्यावी. तरुणांनीं राखणीच्या रात्री द्याव्या. पुण्या-मुंबईस राहणाऱ्या रहिमतपूरकरांनीं पैका पाठवावा. वैरण बाहेरून आणावयाची तर तिचें भाडेंच पुष्कळ होतें. ज्यास यांतील कांहींच शक्य नसेल, त्यानें आपल्या बांधावर काडी ओढण्यापूर्वीं वारा कोणीकडचा आहे तेवढें पाहावें. तेंही दान आम्ही मोठेंच मानूं.

येत्या होळीस आपल्या अंगणांतील होळी विझल्यावर घटकाभर डोंगराकडे पाहा. तेथें अंधार असला, तर आजच्या या सभेचें चीज झालें, असें आम्ही समजूं.