रिमोट खाली ठेवा

मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, 'आवडता जुना सिनेमा घरी पुन्हा बघताना'. मी इंदापूर तालुक्यातल्या कळंबची, वालचंदनगरला लागून आमचं गाव. चार दिवसांपूर्वी तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून अंथुर्ण्याला मुक्कामी होती. अजून आमच्याकडच्या रस्त्यांना बुक्क्याचा वास आहे. अशा दिवसांत 'संत तुकाराम' सोडून मी दुसऱ्या सिनेमावर बोलले, तर घरी मला चहासुद्धा मिळायचा नाही.

तेव्हा प्रभातचा 'संत तुकाराम'. १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. गोष्ट तुम्हाला पाठ आहे, ती सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण रेडिओ ऐकता ऐकता माणूस मधेच गॅस बंद करायला उठतो. तर, हा सिनेमा घरी बघताना रिमोट खाली ठेवा. आवलीला, म्हणजे तुकोबांच्या बायकोला, पुढं पळवू नका.

झालं काय, की माझ्या नातवाला मी सीडी लावून दिली आणि दळण टाकायला गेले. अर्ध्या तासात परत आले, तर सिनेमा संपलेला! अरे, सव्वादोन तासांचा सिनेमा अर्ध्या तासात? म्हणाला, "आजी, मी चमत्कार सगळे बघितले. नदीतून वह्या आल्या ते, शिवाजी महाराजांसारखे पुष्कळ शिवाजी झाले ते, आणि विमान. मधलं फॉरवर्ड केलं." आणि वर मलाच विचारतो, "ती बाई सारखी तोंड का हलवत असते?"

फॉरवर्ड केलं की आवाज जातो ना. मग आवलीचं नुसतं तोंड हलतं, आणि तुकोबा झालेल्या पागनिसांची मान कोंबडीनं दाणे टिपावेत तशी खालीवर होते. मी लावून बघितलं. बघवेना.

आता भाकरीचं बघा. भाकरी टम्म फुगली की पोरं चुलीपाशी धावत येतात. पण त्याआधी पाणी उकळायचं, ते पिठात ओतायचं, हाताला चटके घेत मळायचं, मग थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. एवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी फिरकत नाही. आणि मळण्यात कसूर झाली, तर भाकरी फुगत नाही, कडेनं चिरते. तशीच ती वैकुंठाच्या विमानाची गोष्ट. विमान म्हणजे फुगलेली भाकरी. पिठाशी झगडतेय ती आवली. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा असलेलं नसलेलं वाटून आलाय, हे सगळं तुम्ही तिच्याबरोबर काढलं असेल, तरच ते विमान आकाशात चढताना छातीत काहीतरी हलतं. नाहीतर ते एक जुन्या काळातलं ट्रिक काम आहे, आणि आजच्या पोरांनी त्याहून मोठी ट्रिक कामं बघितलेली आहेत. तुम्ही म्हणाल, बाई भाकरीवरून हलेनात. नाहीच हलणार. अहो, तो सिनेमाच भाकरीचा आहे.

मी तो पहिल्यांदा बघितला जत्रेच्या तंबूत. खाली सतरंजी, पुढ्यात शेंगांची टरफलं. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ संपलं की सिनेमा थांबायचा आणि मिणमिणता दिवा लागायचा. पुढं पळवायची सोय तर नव्हतीच, उलट मधे बसून राहायला लागायचं. त्या वेळात बायका बोलायच्या. काय बोलायच्या ठाऊक आहे? विमानाचं नाव नाही. "हिच्या जागी मी असते तर माहेर गाठलं असतं," एकीचं. "माहेरी कोण घेतंय गं," दुसरीचं. आमची आई नेहमी आवलीच्या बाजूची. देवळात पायातलं काढून विठ्ठलावर उगारते ना आवली, तिथं आईनं तंबूतल्या तंबूत हात जोडले होते. विठ्ठलाला जोडले की आवलीला, ते मी कधी विचारलं नाही.

ही आवली, म्हणजे जिजाई, केली गौरी नावाच्या बाईंनी. त्या नामांकित नटी नव्हत्या. प्रभातच्या स्टुडिओत त्या आधी साध्या झाडलोटीच्या कामाला होत्या. आणि समोर विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, गाता गळा असलेले. कित्येकांच्या देवघरात तुकोबा म्हणून जो चेहरा आहे, तो खरं तर या पागनिसांचा. आता या दोघांना एका घरात ठेवलंय. त्यांचं सगळं वर लागलेलं, हिचं सगळं चुलीत. ते शांत बोलतात आणि ही कडाडते. पण नीट ऐका, तिच्या कडाडण्यात एक ठेका आहे, आमच्याकडं नळावर अजून तसंच भांडतात. आणि मग ते रानातलं जेवण. नवरा घरी येत नाही म्हणून ही पाटी घेऊन त्याला शोधत जाते, वाढते, समोर बसते. घडत काहीच नाही. दोघं जेवतात, ती जरा हसते. नातवानं नेमकं हेच पळवलं होतं! मला विचाराल तर अख्ख्या सिनेमात याच्यासारखी दुसरी जागा नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना अभंग काय कळले असतील देव जाणे, पण नवऱ्यामागं भाकरी घेऊन फिरणारी बाई कळली असणार. आणि आपल्या मुंबईत गिरगावातल्या सेंट्रलला तो सत्तावन्न आठवडे चालला. वर्षाहून जास्त. एवढे आठवडे लोक नुसतं विमान बघायला आले का हो?

नंतर चंद्रकांत कुलकर्णींचा 'तुकाराम' आला, २०१२ मध्ये. चांगला आहे, बघा. पण आज तो नको, वेळ नाही.

अंथुर्ण्याला माझी मावसबहीण असते. दरवर्षी तिच्या पडवीत एक दिंडी उतरते. यंदा मी सीडी घेऊन तिकडंच गेले. जेवणं झाल्यावर लावली. पुरुष माणसं भजनाला गेलेली, सहा-सात बायका राहिल्या. एक मराठवाड्याकडची आजी पायाच्या भेगांना खोबरेल चोळत बसली होती. सुरुवातीला तिचं लक्षच नव्हतं. अभंग लागला की ती बघायचीसुद्धा नाही, नुसती बरोबर म्हणायची. पण आवली बोलायला लागली की तेलाचा हात थांबायचा. शेवटी तुकोबा वैकुंठाला चल म्हणून सांगतात आणि आवली चुलीपाशीच राहते, तिथं त्या आजीनं वाटी बाजूला सरकवली आणि टीव्हीला म्हणाली, "उठ गं बये. राहू दे ते." दोनदा म्हणाली. आवली उठली नाही. विमान गेलं. आजीनं पुन्हा वाटी ओढली, पण बोट काही बुडवलं नाही बराच वेळ.

त्या रात्री रिमोट माझ्या पदरात बांधलेला होता, हे सांगायला नको.

हां, अभंगावरून आठवलं. यातला एक अभंग, तो बीजाचा आणि झाडाचा, तुकोबांचा नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला. लोकांनी तो गाथेत शोधला म्हणतात. आमच्या भजनी मंडळात अजून तुकोबांचा म्हणूनच गातात, मीही टाळ वाजवते, कुणाला सांगत नाही. यावर खरं तर मला पुष्कळ बोलायचं होतं, की पारावर बसून जे गाणं आपलं वाटतं ते कुणाचं असतं, आणि मग... काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत. दोन मिनिटं.

तर फत्तेलालांनी सिनेमासाठी पुण्यात उभारलेल्या देहूबद्दल राहिलं. शेख फत्तेलाल, बरं का, आणि देऊळ बघा त्यांचं! तुकोबांच्या वैऱ्याचं, सालोमालोचंही राहिलं. जाऊ दे.

ज्यांनी मघाशी गॅस बंद केला त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. रिमोट खाली ठेवा. आवली ओरडते तिथं आवाज वाढवा, कमी करू नका. मोबाइलवर बघत असाल तर बोट आवरा, तिथं तर नुसतं सरकवलं की तुकोबा देहूतून थेट वैकुंठात. आणि सीडी विकत घेणार असाल तर दुकानातच उघडून बघा. दोन तबकड्या असतात. मी बारामतीत पहिल्यांदा घेतली तेव्हा पहिली तबकडी बरोबर होती, आणि दुसरी लावली तर ढोलकी वाजायला लागली. घरात पाहुणे, समोर सासूबाईंचा फोटो. दुकानदारानं बदलून दिली, पण पावती मागितली आधी. तेव्हा पावती जपून...

बोट एकच राहिलंय.