होडीचे तास कोण मोजणार?

विमान आणि मालवाहतुकीत बायका किती, असं विचारलं की लोक वैमानिकांचा आकडा सांगतात. भारतात साधारण १५ टक्के, जगापेक्षा पुष्कळ जास्त. छानच. पण आज मोलगीतून बोलतेय, तर मोजणी इथून करू या.

आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीनं बाया-पोरं अंगणवाडीत येईनात. ताईंनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि नर्मदेतून १८ किलोमीटर वल्हवत आहार पोचवला, अलिगट आणि दादरला. (हे दादर मुंबईचं नव्हे!) २५ बाळं, ७ गरोदर बायका. बाळांचं वजनही घ्यायचं, म्हणजे काटा सोबत.

मी डिलिव्हरीचे रूट काढणारं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे याला 'लास्ट माईल' म्हणतात, सगळ्यात महागडा टप्पा. अंगणवाडी सेविकेला मात्र पगार नाही, 'मानधन' मिळतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायलाही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं.

रेलूताईंचं कौतुक देशभर झालं, व्हायलाच हवं होतं. पण होडी मागून का आणावी लागावी? वैमानिकाचे उड्डाणाचे तास मोजले जातात, त्यावर पैसेही मिळतात. होडीचे तास कुठल्या रजिस्टरमध्ये चढवायचे?