एकाच भिंतीआडच्या दोन कंपन्या

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मोठ्या, नामांकित कंपनीत नोकरी करणे म्हणजे काय, असा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरी कुणी विचारला असता, तर त्याचे उत्तर एका शब्दात मिळाले असते : 'पर्मनंट'. माझे वडील पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये 31 वर्षे ऑपरेटर होते. कंपनीची बस, कॅन्टीनमधले स्वस्त जेवण, दिवाळीचा बोनस आणि निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून बांधलेल्या दोन खोल्या, एवढ्या आधारावर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली. लग्नाच्या बैठकीत मुलगा पर्मनंट आहे असे कळले की पुढची बोलणी सोपी होत.

या सोयी कुठून आल्या? जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस आणि 1920 साली प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. देशात तसा कायदा होण्याच्या कितीतरी आधी हे घडले, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याच जमशेदपुरात 1920, 1922 आणि 1928 साली मोठे संप झाले, हेही विसरता येत नाही. मालकाच्या मर्जीने मिळालेली सोय मर्जी फिरली की जाते. तिचा हक्क व्हायला संघटना लागते आणि कायदा लागतो. कारखान्यांतील आठवड्याच्या 48 तासांना 1948 साली आणि भविष्यनिर्वाह निधीला 1952 साली कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा कुठे या गोष्टी कामगाराच्या मालकीच्या झाल्या.

परंतु पर्मनंट असण्याचे खरे मोल पगारात नव्हते. एकदा वडिलांच्या प्रेसचा संरक्षक गार्ड काढून ठेवलेला होता आणि फोरमनने त्यांना तशीच प्रेस चालवायला सांगितले. वडिलांनी नकार दिला. आरडाओरडा झाला, दोन तास काम थांबले, दुसऱ्या दिवशी गार्ड बसला आणि वडील नेहमीप्रमाणे कामावर गेले. 'नाही' म्हणूनही उद्याची भाकर शाबूत राहणे, याला मी पर्मनंट म्हणतो.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. अशाच एका मोठ्या कारखान्यात तो नऊ वर्षे कंत्राटी कामगार आहे. या काळात कंत्राटदार चार बदलले, यंत्र तेच राहिले. त्याच्या उजव्या हाताचे एक बोट अर्धे आहे. गार्ड नसलेली प्रेस चालवलीस कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, नाही म्हटले की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो."

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक मोठी विसंगती दिसते. बाजार असताना कंपनी मुळात का निर्माण होते, याचा उलगडा रोनाल्ड कोझ यांनी 1937 सालच्या निबंधात केला. प्रत्येक कामासाठी रोज नवा सौदा करणे खर्चाचे असते. म्हणून उद्योजक माणसांना कायम नेमतो आणि हुकुमाने काम करून घेतो. हुकूम मानण्याच्या मोबदल्यात कामगाराला स्थैर्य मिळते. कंत्राटी पद्धतीने हा व्यवहार एका बाजूने मोडला आहे. हुकूम कंपनीचाच राहिला, अनिश्चितता मात्र बाजाराची आली. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला दोन्ही व्यवस्थांतले जे वाईट, तेवढेच आले.

याविरुद्धची लढाई मुंबईत एकदा जिंकली गेली होती. येथील स्टँडर्ड व्हॅक्युम तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाईचे काम कंत्राटदाराच्या 67 कामगारांकडे होते. ते काम नित्याचे आहे, म्हणून कंत्राट रद्द करा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1960 साली कामगारांच्या बाजूने निकाल लागला. हा वाद उभा केला होता कंपनीच्या कायम कामगारांनी! त्या निकालातील कसोट्याच पुढे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात आल्या.

नंतर पाऊल मागे पडत गेले. बंदी घातलेल्या कामातील कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचे होतात, हा 1996 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली फिरवला. 1970 चा मूळ कायदा 20 कंत्राटी कामगारांपासून लागू होत असे. त्याची जागा घेणाऱ्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या संहितेत ती मर्यादा 50 आहे. मुख्य कामात कंत्राटी मजूर नको, असे ती म्हणते खरी, पण तिच्यातील अपवादांच्या वाटा रुंद आहेत.

परंतु सगळा दोष न्यायालयाला आणि सरकारला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. वेतनकरार करताना 'आमच्या सभासदांना वाढ द्या, नवी भरती कंत्राटी झाली तरी चालेल' अशी मूक संमती किती संघटनांनी दिली? माझ्या वडिलांच्या संघटनेनेही दिली होती. त्यांच्या पिढीला मिळालेली वाढ पुढच्या पिढीच्या स्थैर्यातून वळती झाली, हे कबूल करताना मला क्लेश होतात. शिवाय कायम कामगार निवृत्त होत गेले तसे त्या संघटनेचे बळही ओसरले. स्वार्थाच्या हिशेबानेदेखील तो सौदा तोट्याचाच ठरला.

म्हणून इथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या कारखान्यातील संघटनेची सभासदयादी काढून पाहावी. शेजारच्या यंत्रावर तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नाव तीत आहे काय? नसेल तर पुढच्या मागणीपत्रातील पहिले कलम त्याचे असावे, आणि ते लिहायला बसताना त्याला शेजारी बसवून घ्यावे.