सुरांचा हिशेब : ओस्वाल्दो रुजिएरो यांची कारकीर्द



कलेतील श्रमाचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न समाजवादी चर्चेत सहसा बाजूला पडतो. गिरणीचा वा शेताचा हिशेब मांडता येतो. सुरांचा कसा मांडणार, असे म्हणून तो सोडून दिला जातो. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयरेस शहरातील एका वाद्यवृंदाने मात्र हा हिशेब अनेक दशके मांडून दाखविला. त्या वृंदातील बँडोनियनवादक ओस्वाल्दो रुजिएरो यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

बँडोनियन हे भात्याचे वाद्य. आपल्या पेटीशी त्याचे दूरचे नाते आहे. परंतु ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी उघडमिट करीत वाजवितात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत क्रेफेल्ड येथे ते नावारूपास आले आणि तेथील हाइन्रिश बांड यांचे नाव त्यास मिळाले. टँगोमध्ये रूढ झालेल्या प्रकारात 71 बटणे असतात. एकाच बटणातून भाता उघडताना एक आणि मिटताना बहुधा दुसराच सूर निघतो. म्हणजे वादकाला प्रत्येक हाताची मांडणी दोनदा शिकावी लागते. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या कष्टाने येते, आणि टँगोच्या वृंदाचा प्राण त्यावरच अवलंबून असतो.

असे असूनही टँगोच्या वृंदात सर्वसाधारण रीत मालक-नोकराची होती. वृंद नायकाच्या नावाने चाले, कॅफे आणि रेडिओशी करार तोच करी, आणि वादक ठरलेल्या मोबदल्यावर राबत. ही रीत पियानोवादक ओस्वाल्दो पुग्लिएसे यांनी मोडली. ते 1936 साली कम्युनिस्ट पक्षात आले होते आणि संगीतकारांच्या कामगार संघटनेतही सक्रिय होते. 11 ऑगस्ट 1939 रोजी कोर्रिएंतेस रस्त्यावरील कॅफे नासिओनालमध्ये त्यांचा वृंद उभा राहिला, तो सहकारी तत्त्वावर. 1922 साली जन्मलेले रुजिएरो त्यात होते. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

येथील वाटप सरसकट समान नव्हते. मिळकत गुणांच्या हिशेबाने वाटली जाई, आणि वादनाबरोबरच स्वररचना, वाद्ययोजना यांसारख्या कामाचेही मोल त्यात धरले जाई. परिणाम असा झाला की वादक हा केवळ हुकूम पाळणारा राहिला नाही. रुजिएरो यांनी ‘बोर्दोनेओ इ नोवेसिएंतोस’सारख्या रचना या वृंदासाठी केल्या. त्यांच्या ‘आ मिस कोम्पान्येरोस’ या रचनेच्या नावाचा अर्थच ‘माझ्या सोबत्यांना’ असा आहे. प्रमुख बँडोनियनवादक या नात्याने त्यांचा ठसा वृंदाच्या जोरकस, ठेका चढवीत नेणाऱ्या वादनावर उमटला.

या व्यवस्थेची परीक्षा दोनदा झाली. पहिली परीक्षा सत्तेने घेतली. पुग्लिएसे यांना राजकीय मतांसाठी वेळोवेळी तुरुंगात जावे लागले, वृंदाला रेडिओवर बंदी सोसावी लागली. अशा वेळी उरलेले वादक व्यासपीठावर येत. पियानो रिकामा असे आणि त्यावर लाल कार्नेशनचे फूल ठेवलेले असे. नायक गजाआड असताना वृंद चालू राहिला, कारण तो एकट्या नायकाचा नव्हताच.

दुसरी परीक्षा बाजाराने घेतली, आणि ती अधिक कठीण ठरली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात तरुणांची आवड रॉककडे वळली, नृत्यगृहे ओस पडू लागली, आणि मोठमोठे वृंद पोसणे अवघड झाले. सहकारी वृंद आलेली मिळकत न्यायाने वाटू शकत होता. परंतु रेडिओ, ध्वनिमुद्रिकांचे कारखाने आणि नृत्यगृहे त्याच्या मालकीची नव्हती. वाटपात न्याय आणि वितरणाच्या साधनांवर परकी मालकी, या विसंगतीचे उत्तर एकट्या वृंदाजवळ असणे शक्य नव्हते.

1968 मध्ये, 29 वर्षांच्या सोबतीनंतर, रुजिएरो यांनी वृंद सोडला. परंतु ते एकटे गेले नाहीत. एमिलिओ बाल्कार्से, हुलिआन प्लासा, विक्तोर लावायेन, ओस्कार एर्रेरो आणि आल्सिदेस रोस्सी या सोबत्यांसह त्यांनी सहा वादकांचा संच उभारला. त्याचे नाव ‘सेक्सतेतो टँगो’, म्हणजे साध्या शब्दांत टँगोचे षटक. रुजिएरो यांच्यासारख्या ख्यातनाम वादकाला स्वतःच्या नावाची पाटी लावता आली असती. या पाटीवर कोणा एकाचे नाव नव्हते. पुग्लिएसे यांनीही नव्या वादकांना घेऊन आपला वृंद पुढे चालविला, आणि 26 डिसेंबर 1985 रोजी तो तेआत्रो कोलोन या प्रतिष्ठित नाट्यगृहात वाजला.

रुजिएरो 1994 मध्ये आणि पुग्लिएसे 1995 मध्ये निवर्तले. सहकारामुळे कलावंताची प्रतिभा दबते, या आक्षेपाला रुजिएरो यांचे वादन आणि रचना हे पुरेसे उत्तर आहे. मात्र सहकाराची मर्यादाही याच कारकीर्दीत स्पष्ट दिसते. संस्थेच्या चार भिंतींत प्रस्थापित केलेला न्याय बाहेरच्या बाजारात आपोआप टिकत नाही. त्यासाठी संघटनेला भिंतीबाहेरही लढावे लागते.