परग्रहावरील वस्ती आणि ग्वाल्हेरचे जीवाणू

मनुष्य परग्रहावर जगू शकेल काय, हा प्रश्न सामान्यतः अग्निबाणाच्या ताकदीशी आणि प्रवासाच्या अंतराशी जोडला जातो. परंतु तेथे पोहोचणे आणि तेथे तग धरणे या दोन भिन्न गोष्टी असून, दुसरीचे उत्तर हवा, पाणी, अन्न आणि मलमूत्र यांच्या जमाखर्चात शोधावे लागते. या जमाखर्चातील सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे मलमूत्र. त्याविषयी भारतात झालेले महत्त्वाचे काम ग्वाल्हेरमध्येच, झाशी रस्त्यावरील संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेत, म्हणजे ‘डीआरडीई’त, झालेले असल्याने या नगरीत विषयाची मांडणी त्या अंगाने करणे उचित ठरते.

सूर्यमालेतील ग्रहांपैकी विचारार्थ उरतो तो मुख्यतः मंगळ. कारण शुक्राच्या पृष्ठभागावरील तापमान सुमारे 465 अंश सेल्सिअस आहे आणि गुरू-शनींना पाय टेकण्याजोगी जमीनच नाही. मंगळाचे सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास असून वायुदाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. दाब इतका उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो, आणि म्हणून दाबयुक्त पोशाखाविना उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांतील व तोंडातील ओलावा देहाच्याच उष्णतेने उकळू लागेल. तेथील मातीत परक्लोरेट नावाचे, कंठग्रंथीच्या कार्यात अडथळा आणणारे क्षार आहेत. किरणोत्सर्गाचा शरीरावरील परिणाम मिलिसीव्हर्ट या एककात मोजतात. ‘क्युरिऑसिटी’ या यानाने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे 0.67 मिलिसीव्हर्ट मात्रा नोंदवली, तर पृथ्वीवर माणसाला निसर्गतः वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळते, म्हणजे येथील वर्षाचा वाटा तेथे चार दिवसांत पदरी पडतो.

प्राणवायू तेथे निर्माण करता येतो, हे मात्र सिद्ध झाले आहे. मंगळाच्या हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि ‘पर्सिव्हिअरन्स’ यानावरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने ती हवा सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून विजेच्या साहाय्याने तिच्यातील प्राणवायू वेगळा केला. 2021 ते 2023 या काळात सोळा वेळा चालून या उपकरणाने एकंदर 122 ग्रॅम प्राणवायू दिला. एका माणसाला दिवसाकाठी सुमारे 840 ग्रॅम लागतो, हे ध्यानात घेतले तर ही सारी कमाई एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासोच्छ्वासाएवढी भरते. तत्त्व खरे ठरले असले, तरी वस्तीचे माप अजून फार दूर आहे.

त्याहून अवघड आहे ते चक्र बंद करणे, म्हणजे माणसाने टाकलेल्या प्रत्येक पदार्थापासून त्याला पुन्हा हवा, पाणी आणि अन्न मिळवून देणे. अमेरिकेतील ॲरिझोनात ‘बायोस्फिअर 2’ या सुमारे सव्वा हेक्टरांच्या काचबंद वास्तूत 1991 ते 1993 अशी दोन वर्षे आठ माणसे राहिली, तेव्हा हवेतील प्राणवायूचे प्रमाण सोळा महिन्यांत 20.9 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांपर्यंत घसरले आणि बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध अशा मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतींकडे परतण्याऐवजी काँक्रीटमध्ये मुरत होता. ज्या सूक्ष्मजीवांचा हिशेब कोणी पुरता मांडला नव्हता, त्यांनीच प्रयोगाचा ताळेबंद बिघडवला.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर आज मूत्र, घाम आणि उच्छ्वासातील बाष्प यांपासून सुमारे 98 टक्के पाणी परत मिळवले जाते. मात्र विष्ठा डब्यांत बंद करून मालवाहू यानात भरली जाते आणि ते यान वातावरणात जळते. तिच्याबरोबर नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची पोषणद्रव्येही जळून जातात. महिनोन्‌महिने पृथ्वीवरून काहीही न मिळणाऱ्या वसाहतीला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

येथे ग्वाल्हेरच्या कामाचे मोल कळते. 1947 साली स्थापन झालेली जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा हे ‘डीआरडीई’चे मूळ. सियाचीनसारख्या हिमप्रदेशात मैला कुजत नाही, कारण तो कुजवणारे नेहमीचे जीवाणू थंडीत निष्क्रिय होतात, आणि सैनिकांच्या ठाण्यांभोवती तो वर्षानुवर्षे साचत राहतो. या संस्थेने अंटार्क्टिका आणि इतर शीत प्रदेशांतून थंडी सोसणारे जीवाणू मिळवून त्यांचे मिश्र विरजण तयार केले. प्राणवायूविरहित टाकीत हे जीवाणू पाळीपाळीने काम करतात: पहिले मोठे रेणू फोडतात, दुसरे त्यांपासून आम्ले बनवतात, तिसरे त्या आम्लांचे ॲसिटिक आम्ल करतात आणि चौथे त्यापासून मिथेन वायू निर्माण करतात; शेवटी वायू आणि दुर्गंधीरहित पाणी उरते. 2011 साली ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसला अशी जैवशौचालये बसवली गेली, आणि पुढे देशभरातील डब्यांत त्यांची संख्या अडीच लाखांवर गेली.

ही टाकी परग्रहासाठी बनवलेली नाही; परंतु युरोपीय अवकाश संस्थेने 1989 पासून चालवलेल्या ‘मेलिसा’ या बंद जीवनचक्राच्या प्रकल्पातही पहिला दुवा प्राणवायूविना मैला फोडणाऱ्या जीवाणूंचाच आहे, आणि त्यापुढे नत्राचे रूपांतर करणारे जीवाणू, शैवाल व पिके यांची साखळी आहे. अवकाशस्थानकावर भाररहित अवस्थेमुळे वायूचे बुडबुडे द्रवातून वर येत नाहीत; मंगळावर पृथ्वीच्या 38 टक्के गुरुत्वाकर्षण असल्याने ते वर येतील आणि गाळ खाली बसेल, त्यामुळे अशी टाकी तेथे चालवणे तुलनेने सुकर ठरावे. मात्र तितक्याच गुरुत्वाकर्षणात मानवी गर्भ नीट वाढेल काय, याचा कोणताही अनुभव मानवजातीपाशी नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की, पृथ्वीच्या रसदीवर थोडी माणसे काही काळ मंगळावर राहू शकतील, परंतु स्वतःच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्ती आजच्या ज्ञानाने शक्य नाही. आणि ती पुढे शक्य झालीच, तर अग्निबाण बांधणाऱ्यांइतकेच श्रेय माती, मैला आणि जीवाणू अभ्यासणाऱ्यांना जाईल. ग्वाल्हेरच्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी आपला विषय अवकाशविज्ञानापेक्षा दुय्यम मानू नये. त्यांच्या शहराने या कामाचा एक भक्कम पाया घातलेला आहे, आणि पुढची साखळी जोडण्याचे काम त्यांच्यासाठी मोकळे आहे.