नऊ ठिपक्यांचं पान



सोलापुरात मोबाईल दुरुस्तीचं काम मी गेली सतरा वर्षं करतो आहे. फुटका फोन घेऊन आलेला माणूस आधी विचारतो, "किती खर्च येईल?" मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका अक्कांनी मात्र खर्च विचारलाच नाही. त्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला. काचेचा चुरा हाताला लागत होता म्हणून फोन रुमालात बांधून आणलेला. म्हणाल्या, "दादा, फोन जाऊ दे. आतला अप्पांचा आवाज तेवढा काढून द्या की."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. अक्कलकोट तालुक्यात गावी राहायचे. लिहिता येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायचे. पाऊस झाला का, नातवाचा ताप उतरला का, असलंच काहीतरी. संक्रांतीनंतर अप्पा गेले. मागे राहिला तो हा आवाज, आणि तो असलेला फोन लूमशेजारी फरशीवर पडला.

माझ्याकडे येण्याआधी एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." अक्कांनी तिथंच विचारलं, "मग आवाज राहील का?" उत्तर आलं नाही, तशा त्या फोन उचलून निघाल्या. त्या एका प्रश्नानं अप्पांचा आवाज वाचला. लॉक असलेल्या फोनला सॉफ्टवेअर मारणं किंवा हार्ड रिसेट करणं म्हणजे बहुतेक वेळा आतलं सगळं पुसून फोन कोरा करणं. फोन चालू होतो, पण आपलं काही त्यात उरत नाही.

श्रोतेहो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फोटो, नंबर, निरोप काचेत नसतात. ते आत बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये असतात. काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो भाग होतो त्याला आम्ही फोल्डर म्हणतो. फोल्डर बदलला तर त्या चिपला हातही लागत नाही. म्हणून काच फुटली की घाबरून कुणी सांगेल ते करू नका.

अक्कांच्या फोनचा डिस्प्ले अर्धा दिसत होता, टच पूर्ण गेला होता. अशा वेळी संगणकाचा साधा माउस कामाला येतो. ओटीजी नावाची छोटी पिन चार्जिंगच्या जागी लावायची, तिला माउस जोडायचा. पडद्यावर बाण उमटतो आणि बोटाचं काम तो बाण करतो. पण पिन बसेचना. टॉर्चच्या उजेडात बघितलं, तर खोबणीत सुताचा कचरा घट्ट बसलेला. लूमवर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये हा नेहमी सापडतो. लाकडी काडीनं तो हळूहळू कोरून काढला, फोन अर्धा तास चार्ज केला आणि बाण आला.

आता कुलूप. बॅटरी उतरून फोन एकदा बंद पडला होता. बंद होऊन पुन्हा चालू झालेला फोन पहिल्यांदा बोटाचा ठसा घेत नाही. पिन किंवा पॅटर्नच मागतो. मी म्हटलं, "अक्का, पॅटर्न सांगा." त्यांना सांगता येईना. रोज शंभरदा काढलेली खूण, पण ती बोटाला पाठ, तोंडाला नाही. मग बिलबुकाच्या पाठीमागं मी नऊ ठिपके काढले. अक्कांनी त्यावरून दोनदा नुसतं बोट फिरवलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल धरून रेघ ओढली. तीच रेघ मी माउसनं ओढली. पहिल्यांदा हात घसरला, दुसऱ्यांदा कुलूप उघडलं.

माउसच्या जोडीला पेनड्राइव्ह लावून सगळे निरोप त्यावर उतरवून घेतले. नीट उतरलेत का बघायला एक निरोप क्षणभर वाजवला. आधी खोकल्याचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, "बास. हेच."

पडदा पूर्ण काळा झाला असेल, तर दुसरा फोल्डर तात्पुरता जोडून हेच काम करता येतं. काही महाग फोन केबलनं टीव्हीवर चित्र दाखवतात, पण आपल्याकडच्या बहुतेक साध्या फोनमध्ये ती सोय नसते.

अक्कांचं काम झालं ते पॅटर्न त्यांना येत होता म्हणून. त्यानंतर काही दिवसांनी एक तरुण आला. थोरला भाऊ अपघातात गेला होता. त्याचा फुटलेला फोन घेऊन आला होता. फोल्डर बदलला, पडदा स्वच्छ उजळला आणि पिन मागू लागला. जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, सगळं घालून झालं. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ थांबवू लागला. शेवटी मी हात जोडले.

याचं कारण समजून घ्या. पूर्वीच्या अनेक फोनमधली चिप काढून वाचता यायची. २०१९ साली अँड्रॉइड १० आलं, आणि त्यासह बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये माहिती कुलूपबंद करूनच साठवायची असा नियम झाला. किल्ली तयार होते ती तुमचा पिन आणि फोनमधलं एक गुपित मिळून. चिप काढून वाचली तरी नुसता अर्थहीन आकड्यांचा ढीग हाती येतो. अमेरिकेत २०१६ साली एका हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी एफबीआयला ॲपलविरुद्ध कोर्टात जावं लागलं होतं. तेव्हा "कुठलंही लॉक उघडून डेटा देतो" असं कुणी म्हणालं, तर अक्कांचाच प्रश्न विचारा.

हे कुलूप चोरापासून आपलं रक्षण करतं, म्हणून ते हवंच. पण चोर कोण आणि भाऊ कोण हे त्याला कळत नाही. ते आपणच आधी ठरवून ठेवायचं.

म्हणून आज घरी एवढं करा. फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे का, शेवटचा कधी झाला, हे बघा. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. ती भरली की बॅकअप थांबतो. खातं ठरावीक महिने वापरात नसेल तर माहिती कुणाकडे जावी, हेही गूगलच्या खात्यात आधी नोंदवता येतं. आणि फोनचा पिन किंवा पॅटर्न घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. यूपीआयचा पिन मात्र लिहूही नका, सांगूही नका. दुरुस्तीला फोन दिलात तर पिन सांगण्यापेक्षा समोर बसून स्वतः घाला.

अक्का निघाल्या तेव्हा मी बिलबुकाचं ते नऊ ठिपक्यांचं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. दुकानात ते राहणं बरोबर नव्हतं. त्यांनी पिशवीतून रेशनकार्ड काढलं, पानाची घडी त्यात ठेवली आणि म्हणाल्या, "पोरीला दाखवून ठेवते."

तो तरुण आला, तेव्हा मला ते पान आठवलं. त्याच्या घरी तसं एक पान असतं, तर त्या दिवशी मला हात जोडावे लागले नसते.