हिशेब घेऊन चालू या

(कोळगाव इथं तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तांनो,

उद्या सकाळी आपण सूर्या नदीच्या काठानं चालणार आहोत. मासवणपासून वर, धामणीच्या अंगाला. पाड्यापाड्यांवरचे वारली, कातकरी, मल्हार कोळी आपल्याबरोबर असतील. पत्रकावर तुम्ही छापलंय, ‘सलोखा पदयात्रा’. शब्द गोड आहे. गोड शब्दाची मला भीती वाटते. म्हणून आज रात्रीच चार कडू गोष्टी बोलून घेतो.

ही कल्पना तुम्ही ऑस्ट्रेलियावरून घेतलीत. तिथं दरवर्षी २७ मे ते ३ जून हा आठवडा समेटाचा म्हणून पाळतात. गावोगावी गोरे आणि तिथले मूळ रहिवासी एकत्र चालतात, कुठं नदीकाठानं, कुठं पुलावरून. सगळ्यांत मोठी चाल निघाली २८ मे २००० ला. सिडनीच्या पुलावरून अडीच लाखांच्या आसपास माणसं चालली. विमानानं आभाळात धुराच्या अक्षरांत ‘सॉरी’ लिहिलं. पण तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड त्या पुलावर फिरकले नाहीत आणि सरकारच्या वतीनं माफीही मागायला तयार झाले नाहीत. त्यासाठी १३ फेब्रुवारी २००८ उजाडावा लागला. केविन रुड पंतप्रधान झाले, त्यांनी पार्लमेंटात माफी मागितली.

माफी कशाची? सरकारनं आणि मिशनवाल्यांनी तिथल्या आदिवासींची पोरं आयांच्या कुशीतनं उचलून नेली, पिढ्यान्पिढ्या. जमीन तर त्याआधीच लाटली होती. ‘ही जमीन कुणाचीच नव्हती’ असं कायद्यानं धरून चाललं होतं. समोर माणसं उभी होती, पण ती माणसांत मोजलीच नव्हती. हे खोटं तिथल्या वरच्या कोर्टानं १९९२ साली, माबोच्या खटल्यात, खोडून काढलं.

बरं, मग पुढं काय झालं? १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत झालं. आदिवासींची एक समिती घटनेत घालायची, ती पार्लमेंटाला सल्ला देईल. फक्त सल्ला. हुकूम नाही, पैसा नाही, जमीन नाही. साधारण साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. पुलावर चाललेल्यांतलेही काही त्या साठांत असतीलच की!

तेव्हा चालणं फुकट गेलं का? मी तसं म्हणणार नाही. चालणं हा पहिला हप्ता असतो. पहिला हप्ता टाकून, कर्ज फिटलं म्हणत घरी जाऊन झोपणारा माणूस मात्र लबाड असतो.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कुणी कुणाची माफी मागितलीय? याच मुलखात वारल्याला वेठीला धरत होते. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याच्या दारात गडी. त्याला नाव होतं लग्नगडी. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले, वेठ झुगारून दिली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. त्या जमीनदारांच्या नातवंडांपैकी कुणी तलवाड्यापर्यंत चालत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

माफी नाही, पण एक कबुली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. सरकारनं स्वतःच्या कायद्यात लिहून दिलंय, की जंगलात राहणाऱ्यांवर अन्याय झाला. आणि त्या लिहिलेल्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकऱ्यांना नाशिक ते मुंबई चालावं लागलं. ६ तारखेला निघाले, १२ ला पोचले. फोड फुटलेले पाय मुंबईनं पाहिले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. बघा उलटा न्याय. तिकडं ज्यांनी लुटलं त्यांची पोरं तरी चालतात. इकडं लुटला गेलेलाच चालतो, तोच रात्री जागतो, आणि वर दुसऱ्याच्या पोरांची काळजीही तोच करतो.

आता नदीची गोष्ट. सूर्या प्रकल्प डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून सांगितला गेला. धरणानं आदिवासींना जागेवरून उठवलं. आणि पाणी? मासवणवरून वसई-विरारला. कवडासवरून नवी योजना, दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातलं १८५ वसई-विरारचं, २१८ मीरा-भाईंदरचं. तारापूरच्या कारखान्यांना पाणी सूर्येचं. पालघरच्या आणि बोईसरच्या नळाला सूर्येचंच. शहरातल्या गरिबाला पाणी नको असं मी म्हणत नाही. आपणही गरीबच आहोत. पण नळ सोडताना एवढं तरी कळायला पाहिजे, की हे पाणी कुणाच्या अंगणावरून आलंय.

आणि आता सगळ्यांत कडू गोष्ट. ती माझी स्वतःची आहे.

माझं गाव महाड तालुक्यातलं. २० मार्च १९२७ ला आमच्या घरातला माणूस बाबासाहेबांच्या मागनं चवदार तळ्यावर चालत गेला होता. आजी हे सांगायची तेव्हा पाठ ताठ करून बसायची. तीच आजी, उन्हाळ्यात कातकरीण पाणी मागायला दारात आली, की उंबऱ्यात उभी राहून वरनं धार धरायची. खाली ओंजळ. तांब्या लागू द्यायची नाही.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मला ते खटकलं नाही. उलट पुढं मीही तशीच धार धरली. एकदा नाही, पुष्कळदा. मजा वाटायची. आपल्याही खाली कुणीतरी आहे, याची मजा. दोस्तांनो, जातीनं आपल्याला जे जे दिलं त्यात सगळ्यांत विषारी हीच मजा होती. मार खाल्ला तो अंगावर वळ ठेवून गेला. ही मजा मात्र आत मुरली.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जमातींनाही धरलं. कागदावर आपण तेव्हाच एक झालो. पण आपल्या वस्तीत ‘कातोडी’ ही शिवी आजही चालते की नाही? छातीवर हात ठेवून सांगा. नाक्यावर वारली बाई मजुरीला उभी असते, तिच्याशी आपला पोरगा कुठल्या आवाजात बोलतो? तो आवाज त्यानं कुणाकडनं उचलला?

म्हणून उद्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

एक. आपण मागं चालायचं. पुढं पाड्यावरच्या बाया. माईक पहिला त्यांच्या हातात. त्यांना बोलायचं नसेल तर माईक बंद, नदीचा आवाज ऐकायचा.

दोन. प्रत्येकानं वही घ्यायची. कुणाचा वनहक्काचा दावा अडकलाय, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव नाही, कुठल्या पाड्यावर नळ आहे आणि पाणी नाही, सगळं उतरवायचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तो या लोकांचे ठाण्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून. जिल्ह्याची इमारत याच कोळगावात उभी आहे. पदयात्रा संपली की दुसऱ्या दिवशी वही घेऊन, त्यांच्याबरोबर तिथल्या रांगेत उभं राहायचं. आपल्याला फॉर्म भरता येतो, अर्ज लिहिता येतो. बाबासाहेबांच्या पुण्याईनं चार अक्षरं आली, ती कुणासाठी आली? ज्याला रांगेत उभं राहायला वेळ नाही, त्यानं उद्या चालायलाही येऊ नये. नदीकाठची हवा खायला दुसरे दिवस आहेत.

तीन. ऊन चढलं की तहान लागेल. बाटल्या घरी ठेवा. पाड्यावर जाऊन पाणी मागा. मागून घ्या, आणि दिलं तरच घ्या. तांब्या हातात दिला तर दोन्ही हातांनी घ्या.

आणि एखाद्या म्हातारीनं वरनं धार धरली, तर मुकाट्यानं ओंजळ करा. तेही आपल्याच हिशेबात आहे.

जय भीम. जोहार.